नेच्यांमधली औषधी द्रव्ये: ओळखायची, पारखायची आणि वापरायची कशी

मृगाच्या सरी दोन-चार वेळा बरसल्या की नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंती, रामटेकच्या दगडी पायऱ्यांच्या सांदी, कौलारू घरांचे ओलसर कोपरे हिरवे दिसू लागतात. त्या हिरवळीत शेवाळ असते तसे नेचेही असतात, म्हणजे रोपवाटिकेत आपण ज्यांना फर्न म्हणतो ते. नागपूरच्या तापट हवेत त्यांचा बहर जेमतेम जूनअखेरपासून दिवाळीपर्यंत टिकतो. त्यांच्या नावाने विकली जाणारी औषधे मात्र बारा महिने मिळतात. खोकल्याला हंसराज, जुलाबाला मयूरशिखा, अशक्तपणाला संजीवनी, हाडांना बाशिंगाचा कंद आणि अलीकडे उन्हापासून त्वचा वाचवणाऱ्या कॅप्सूल.

यातले काय घ्यावे, कसे घ्यावे आणि कशाला हात लावू नये, हे टप्प्याटप्प्याने सांगतो. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. नेच्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. पस्तीस कोटींहून अधिक वर्षे हे कुळ किडे, बुरशी, कडक ऊन आणि कोरड यांना तोंड देत टिकले ते पानांत आणि जमिनीखालच्या खोडात साठवलेल्या रसायनांच्या जोरावर. ही त्याची हत्यारे आहेत. त्यांतली काही आपल्या शरीरात योग्य मात्रेत उपयोगी पडतात, काही आपल्यालाच इजा करतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच झाडात शेजारी शेजारी असतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी ओळख, मग कोणता भाग, मग कोणती प्रक्रिया, आणि शेवटी माणसांवरचा पुरावा.

पायरी पहिली: हा नेचाच आहे का?

तीन खुणा बघा. कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले वर येते आणि हळूहळू उलगडते. पूर्ण वाढलेले पान उलटून पाहिले की मागे किंवा कडेला तपकिरी ठिपके, रेघा किंवा दुमडलेली किनार दिसते. त्यात बीजाणू असतात. हे ठिपके पाहून अनेकजण रोग समजून औषध फवारतात, तसे करू नका. तिसरी खूण अशी की फूल किंवा फळ कधीच येत नाही.

सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या रोपवाटिकांत ‘अस्पॅरॅगस फर्न’ नावाची नाजूक, जाळीदार कुंडी हमखास असते. तो नेचा नाही, शतावरीचा भाऊबंद आहे. त्याला बारीक पांढरी फुले येतात, नंतर फळे धरतात, आणि ती फळे पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मूल असेल तर ही कुंडी वर टांगलेली बरी. उलट, पाण्यात चार पाकळ्यांच्या पानासारखे तरंगणारे सुनिषण्णक हा खरा नेचा असूनही कोणी त्याला नेचा मानत नाही.

संजीवनीबद्दलही इथेच सांगून टाकतो. नागपंचमीच्या आधी नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून हजारो भाविक पचमढीला जातात आणि परतताना वाळलेल्या, मुठीसारख्या आवळलेल्या जुड्या घेऊन येतात. पाण्यात टाकली की ती जुडी काही तासांत हिरवी होऊन उघडते. वनस्पतीशास्त्रात तिचे नाव सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस. ती नेच्यांची चुलत बहीण म्हणता येईल, पण नेचा नव्हे. तिच्यात अमेंटोफ्लेवोनसारखी जोड-फ्लॅव्होनॉइड द्रव्ये असतात आणि कोरडी पडूनही पेशी न मरण्याची तिची क्षमता अद्भुत आहे. पेशींवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने उष्णतेच्या आणि अतिनील किरणांच्या माऱ्यापासून संरक्षण दिल्याचे दिसले आहे. पण स्वतः जिवंत होणारी वनस्पती माणसाला तशीच जिवंत करते, हा तर्क पुढे ओढू नका. शिवाय सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून अशी वनस्पती उपटून आणणे बेकायदेशीर आहे आणि ती झपाट्याने कमी होते आहे. श्रद्धेने यात्रा करा, जुडी विकत घेऊ नका.

पायरी दुसरी: आपल्या भागात कोणते नेचे भेटतात

*हंसराज* (आयुर्वेदात हंसपदी). काळीभोर, चकचकीत, केसासारखी बारीक दांडी आणि पंख्याच्या आकाराची छोटी पानोळी. पाणी टाकले तर थेंब पानावर न थांबता ओघळून जातात. विहिरीच्या आतल्या ओलसर चुन्याच्या भिंतीवर आणि ओढ्याच्या काठी त्याच्या एकापेक्षा जास्त जाती मिळतात. चरकसंहितेत गळ्याला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गट आहे. त्यात ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षा, रिंगणी यांच्या जोडीला हंसपदी आहे. युनानी वैद्यक त्याला परसियावशां म्हणते आणि कफासाठीच वापरते. युरोपातही दोनशे वर्षांपूर्वी हंसराजाचे सरबत खोकल्याला देत. एकमेकांपासून इतक्या दूरच्या परंपरांनी एकाच त्रासासाठी एकच वनस्पती निवडावी, याला मी महत्त्व देतो. तो अंतिम पुरावा नाही, पण शोध कुठे घ्यावा याची चांगली खूण आहे.

*मयूरशिखा*. दगडाच्या भेगेतून वर आलेले बोट-दीडबोट उंचीचे ताडाचे झाड वाटते, इतके हुबेहूब. तापलेल्या खडकावर उन्हाळाभर वाळून बसते आणि पावसाने पुन्हा हिरवी होते. अडचण अशी की मयूरशिखा या नावाने बाजारात दुसऱ्याच वनस्पतीही येतात. कोंबड्यासारखी तुरेदार फुले येणारी कोंबडी-फुलाची जातही या नावाने दिली जाते. फूल दिसले की ती ही मयूरशिखा नाही, हे लक्षात ठेवा.

*रुपेरी नेचा*. वरून हिरवा, खालून पिठासारखा पांढरा. मुले हाताच्या पाठीवर पान दाबून त्याचा पांढरा ठसा उमटवतात. तेवढाच त्याचा उपयोग घ्यावा.

*सुनिषण्णक*. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत, बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, काठी चिखलात पसरते. चार पानोळ्या एका देठावर. तीन पानोळ्या असतील आणि चव आंबट असेल तर ती आंबुशी. छत्तीसगढकडे हीच भाजी सुनसुनिया म्हणून खातात आणि झोप चांगली लागते असे मानतात. तिच्यातून मार्सिलिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले आहे आणि प्राण्यांवर त्याचा शांत करणारा परिणाम नोंदला गेला आहे. पण या भाजीला एक काळी बाजूही आहे, ती पुढे येईल.

*अझोला* हाही पाण्यावर तरंगणारा नेचाच. आपल्याकडचे अनेक दूध उत्पादक आणि कोंबडीपालक शेतकरी तो टाक्यांत वाढवून खुराकात देतात, कारण त्यात प्रथिने भरपूर असतात. त्याच्या पानात राहणारे नीलहरित सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधतात. तो जनावरांसाठी ठीक आहे. माणसाने खाण्याची घाई करू नये.

पायरी तिसरी: आत नेमके काय असते

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

पहिला मोठा गट *फिनॉलिक आम्ले आणि फ्लॅव्होनॉइड*. कॅफिक आम्ल, क्लोरोजेनिक आम्ल, फेरुलिक आम्ल, क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, रुटिन ही त्यांची नावे. नेचा यांचा उपयोग मुख्यतः अतिनील किरणांपासून बचावासाठी करतो. आपल्या शरीरात ही द्रव्ये ऑक्सिडीकरणाचा मारा कमी करतात आणि दाह शमवतात असे प्रयोगशाळेत दिसते. ही फक्त नेच्यांची मक्तेदारी नाही. कांद्यात क्वेर्सेटिन आहे, आपल्या संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या रेषांत हेस्पेरिडिन आहे. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट आहे’ एवढ्या कारणावरून महागडे फर्नचे चूर्ण घेण्यापेक्षा संत्र्याची फोड त्या रेषांसकट खाल्लेली चांगली. या द्रव्यांचा बराच भाग गरम पाण्यात उतरतो, म्हणून काढा किंवा फांट (उकळत्या पाण्यात पाने झाकून ठेवून गाळलेले पेय) करण्याला अर्थ आहे.

दुसरा गट *ट्रायटर्पिनॉइड*. हंसराजात हे बरेच असतात. हे मेणासारखे, तेलात विरघळणारे पदार्थ आहेत. पाण्यात ते फारसे उतरत नाहीत. इथे एक कळीचा मुद्दा निघतो. शोधनिबंधात ‘हंसराजाच्या अर्काने दाह कमी झाला’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो अर्क बहुधा मिथेनॉल, अल्कोहोल किंवा पेट्रोलियम ईथरमध्ये काढलेला असतो. तुमच्या पातेल्यात उकळलेल्या पाण्यात तीच द्रव्ये त्याच प्रमाणात येणार नाहीत. निबंध खरा आणि काढा निरुपयोगी, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते.

तिसरा गट *फायटोएक्डिस्टेरॉइड*. किड्यांना कात टाकायला लावणारे जे संप्रेरक असते, त्याच्याशी मिळतीजुळती ही द्रव्ये. किड्याने पान खाल्ले की त्याचे कात टाकण्याचे वेळापत्रक बिघडते. नेच्यांना कीड कमी लागते, त्याचे हे एक कारण. युनानीतल्या बसफाइजच्या, म्हणजे पॉलिपोडियम वल्गारेच्या, खोडात ही द्रव्ये भरपूर आहेत; त्याच खोडात ऑस्लाडिन नावाचे साखरेच्या सुमारे 500 पट गोड द्रव्यही आहे. व्यायामशाळांत ‘एक्डिस्टेरॉन’च्या डब्या स्नायू वाढवण्यासाठी विकल्या जातात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2020 पासून हे द्रव्य निरीक्षणाखालच्या यादीत ठेवले आहे. खेळाडू मुलांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

चौथा गट *फ्लोरोग्लुसिनॉल* वर्गातला. युरोपातल्या नर-नेच्याच्या, ड्रायोप्टेरिस फिलिक्स-मासच्या, खोडात फिलिक्सिक आम्लासारखी द्रव्ये असतात. पोटातल्या पट्टकृमीला ती सुन्न करतात. हा उपाय प्राचीन ग्रीकांना माहीत होता. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने एका महिलेकडून तिचे गुप्त जंताचे औषध विकत घेतले तेव्हा ते हेच निघाले. विसाव्या शतकापर्यंत अधिकृत औषधकोशांत त्याला जागा होती. मग ते गेले का? कारण गुण देणारी मात्रा आणि डोळ्याची नस कायमची निकामी करणारी मात्रा यांत फार थोडे अंतर होते. आज निक्लोसामाइड आणि प्राझिक्वांटेलसारखी कितीतरी सुरक्षित औषधे आहेत. ‘जंतांवर नैसर्गिक फर्न’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

पायरी चौथी: या नेच्यांपासून लांब राहा

*ब्रॅकन* (टेरिडियम). नागपूरच्या मैदानात तो सहसा भेटत नाही. हिमालयात, निलगिरीत, उंच डोंगरांवर भेटतो. उत्तराखंडात ट्रेकला जाणाऱ्यांनी त्याची ओळख करून घ्यावी, कारण त्याचे कोंब खाण्याजोगे दिसतात. त्यात टॅक्विलोसाइड नावाचे कर्करोगकारक द्रव्य असते. ते पाण्यात विरघळते, हे खाणाऱ्या गाईच्या दुधात उतरते आणि गुरांच्या मूत्राशयात गाठी व रक्तस्राव घडवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1987 मध्ये ब्रॅकनला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकले. जपानी आणि कोरियन लोक राख किंवा सोड्याच्या पाण्यात प्रक्रिया करून ते खातात. त्याने विष घटते, शून्य होत नाही. आपल्याला ते खाण्याची मुळीच गरज नाही.

*भिंतीवरचा टेरिस विट्टाटा*. हा मात्र शहरात भेटतो. जुन्या विटांच्या, चुन्याच्या भिंतीतून लांब, शिडीसारखी पाने काढून उगवणारा. 2001 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधाने जग चकित झाले: हा नेचा जमिनीतले आर्सेनिक शोषून पानात साठवतो, आणि तेही किलोला 20 ग्रॅमहून अधिक इतके. प्रदूषित माती साफ करायला तो मोलाचा आहे. पोटात घ्यायला तो विष आहे. बाहेरून त्यात काहीच वेगळे दिसत नाही, पान अगदी निरोगी, टवटवीत असते.

यावरून माझा एक ठाम नियम: शहरातल्या भिंती, नाल्यांचे काठ, रस्त्याच्या कडा, राखेच्या बंधाऱ्यांचा परिसर इथून औषधासाठी किंवा खाण्यासाठी एकही नेचा तोडायचा नाही. कोराडी-खापरखेड्याकडची औष्णिक वीजकेंद्रांची राख असो की नाग नदीच्या काठचा चिखल, पाणवठ्यातले नेचे जड धातू उचलतात. सुनिषण्णक खायचेच तर स्वच्छ पाण्याच्या, माहितीतल्या बांधीतले.

आणि त्या भाजीची काळी बाजू. सुनिषण्णकाच्या गोत्रातल्या नेच्यांत थायामिनेज हे विकर (एन्झाइम) असते; ते जीवनसत्त्व ब-1 मोडून टाकते. 1861 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी स्थानिकांचे पाहून नार्डू नावाच्या अशाच नेच्याच्या बीजाणुकोशांचे पीठ खात राहिले आणि पोट भरूनही खंगत जाऊन मेले. स्थानिक लोक जी पूर्वप्रक्रिया करत ती त्यांनी नीट केली नाही आणि त्यांना बेरीबेरी झाला असावा, असे संशोधकांचे मत आहे. उष्णतेने हे विकर बहुतांशी निकामी होते. म्हणून ही भाजी कधीही कच्ची, कोशिंबिरीत किंवा रसात घेऊ नये. चांगली शिजवून, अधूनमधून खावी. मद्यपान जास्त असणाऱ्यांत ब-1 आधीच कमी असते, त्यांनी टाळलेलीच बरी.

पायरी पाचवी: दावा कसा वाचायचा

कोणत्याही दाव्याला चार प्रश्न विचारा. प्रयोग कशावर झाला, काचेतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? अर्क कोणत्या द्रवात काढला? आणि वनस्पतीची जात तीच आहे का?

उदाहरण नागपूरच्या उन्हाचेच घेऊ. मध्य अमेरिकेतल्या पॉलिपोडियम ल्युकोटोमॉस या नेच्याच्या अर्काच्या कॅप्सूल, बहुधा 240 मिलिग्रॅमच्या, उन्हापासून संरक्षण म्हणून विकल्या जातात. नेच्यांमधल्या सगळ्या उत्पादनांत माणसांवरचा सर्वांत चांगला पुरावा याचाच आहे. 2004 सालच्या एका अभ्यासात शरीराच्या वजनाच्या दर किलोला 7.5 मिलिग्रॅम अर्क दिल्यावर अतिनील किरणांनी त्वचा लाल होणे आणि पेशींच्या डीएनएची हानी कमी झाली. आता प्रश्न विचारा. किती जण? नऊ. कोणत्या त्वचेचे? गोऱ्या, सहज भाजणाऱ्या. आपली त्वचा वेगळी, आपले मे महिन्यातले ऊन वेगळे. चेहऱ्यावरच्या वांगासाठी याचे प्रयोग झाले तर निकाल कुठे चांगले, कुठे काहीच फरक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये, गोळीने सनस्क्रीनचे काम होते असा दावा करणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. माझे मत असे: त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिले तर पूरक म्हणून घ्या, पण दुपट्टा, टोपी, सनस्क्रीन आणि बारा ते चार सावली यांतले काहीही त्यामुळे सोडू नका. आणि या कॅप्सूलमुळे उष्माघात टळत नाही. त्वचा भाजणे आणि शरीर तापणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा प्रश्न बाशिंगाला लागू पडतो. चिनी वैद्यकात ड्रायनेरिया फॉर्च्युनी या नेच्याचा कंद हाडांसाठी वापरतात. त्यात नॅरिंजिन असते आणि ते हाड बनवणाऱ्या पेशींना चालना देते असे पेशींवर आणि उंदरांवर दिसले आहे. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या खोडाला चिकटून, मुंडावळ्यांसोबत बांधायच्या बाशिंगासारखा दिसणारा नेचा त्याच प्रजातीतला, पण जात वेगळी: ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. तमिळनाडूत कोल्ली टेकड्यांकडे त्याच्या केसाळ कंदाचे सूप गुडघेदुखीसाठी पितात, आणि हल्ली तो कंद ऑनलाइनही मिळतो. भावाचा गुण दुसऱ्या भावात असेलच असे नाही. सूप म्हणून प्यायला हरकत दिसत नाही. पण हाड मोडले असेल तर प्लास्टरला किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर डॉक्टरांच्या औषधांना तो पर्याय नाही.

पायरी सहावी: इतवारी बाजारात खरेदी करताना

जडीबुटीच्या दुकानात चूर्ण मागू नका, अख्खी वाळलेली वनस्पती मागा. चुर्णात काय आहे ते कोणालाच ओळखता येत नाही. हंसराज असेल तर काळी चकचकीत दांडी आणि पंख्यासारखी पानोळी शाबूत दिसली पाहिजेत. रंग हिरवट हवा; पूर्ण तपकिरी झालेला माल जुना. नाकाजवळ धरा, बुरशीचा कुबट वास आला तर परत करा, कारण पावसाळ्यात नीट न वाळवलेल्या मालावर बुरशी धरते आणि तिची विषे उकळूनही पूर्ण जात नाहीत. चिमूटभर पाण्यात टाकून माती किती बसते तेही बघा.

डबाबंद औषध असेल तर लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, उत्पादन परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि मुदत शोधा. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. असा दावा डब्यावर असेल तर बाकी काही वाचायचीही गरज नाही.

शंका राहिली तर नमुना घेऊन सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण विभागातल्या शिक्षकांना दाखवता येतो, किंवा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात विचारता येते. पानाच्या मागचे ठिपके शाबूत असलेला नमुना न्यावा. त्यांच्याशिवाय जात ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते.

पायरी सातवी: हंसराजाचा फांट

साध्या खोकल्यासाठी, घसा खवखवत असेल तर, निरोगी प्रौढाने करून बघावा असा हा एकच उपाय मी सुचवेन.

वाळलेली पाने निवडून घ्या, दांड्यांची मुळाकडची बाजू काढून टाका. थंड पाण्याने एकदा पटकन धुवा. एका कपाला, म्हणजे साधारण 150 मिलिलिटर पाण्याला, दीड ग्रॅम पाने पुरतात. घरी वजनकाटा नसेल तर चुरलेल्या पानांचा चहाचा एक भरलेला चमचा. पाणी उकळून गॅस बंद करा, पाने टाका, झाकण ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. बारीक कापडाने गाळा, कारण पानामागचे बीजाणू घशाला खाजवू शकतात. हवा तर ज्येष्ठमधाचा छोटा तुकडा त्यातच टाका. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध टाळावे. मध घालायचा तर कोमट झाल्यावर. दिवसातून एक-दोन वेळा, तीन-चार दिवस. ॲल्युमिनियमचे भांडे नको. स्टील किंवा काच.

तीन-चार दिवसांत फरक पडला नाही, ताप चढला, कफातून रक्त आले, दम लागला किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर फांट थांबवून डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याची क्षयरोगासाठी थुंकी तपासणी शासकीय रुग्णालयांत मोफत होते.

पायरी आठवी: कोंब खायचे असतील तर

उत्तराखंडचा लिंगडा आणि आसामचा ढेकिया हा डिप्लाझियम एस्क्युलेंटम. त्याची कोवळी गुंडाळलेली टोके भाजी म्हणून खातात. तिकडचे मित्र आणून देतात तेव्हा, किंवा प्रवासात, हे खायचा योग येतो. परदेशातल्या शहामृग-नेच्याच्या (ऑस्ट्रिच फर्नच्या) कोंबांत तर ईपीए हे एरवी माशांच्या तेलात सापडणारे ओमेगा-3 आम्लही आढळते, आणि वनस्पतींच्या पानांत ते दुर्मीळ आहे. पण 1994 मध्ये अमेरिका आणि कॅनडात याच नेच्याचे अर्धकच्चे कोंब खाऊन अनेकांना उलट्या-जुलाब झाले होते. तेव्हापासून कॅनडाच्या आरोग्य विभागाचा सल्ला आहे: तपकिरी साल चोळून काढा, पाणी बदलून धुवा, 15 मिनिटे उकळा, ते पाणी फेका, मगच परता.

पूर्व विदर्भात वास्ते शिजवणाऱ्या बायांना ही रीत नवीन नाही. बांबूच्या कोंबातले विष घालवायला त्या काप करतात, उकळतात, पाणी टाकून देतात, आणि मगच फोडणी देतात. नेच्याच्या कोंबांनाही तीच शिस्त लावा. ऑगस्टातल्या रानभाजी महोत्सवात तरोटा, काटवल घेता तिथे कोणी नेच्याचे कोंब विकत असेल, तर जात कोणती आणि आणले कुठून हे विचारल्याशिवाय घेऊ नका. नागपूरच्या आसपास स्वतः शोधून खाण्याचा प्रयोग तर नकोच.

पायरी नववी: घरचा हंसराज

स्वच्छ, खात्रीचा हंसराज हवा असेल तर कुंडीत लावणे उत्तम. पानकुजीचे खत, वाळू आणि विटांचा चुरा समभाग घ्या. चुना त्याला मानवतो, म्हणून बोअरचे जड पाणीही चालते. विटा मात्र नव्या, भट्टीतून आलेल्या घ्या, पाडलेल्या जुन्या भिंतीच्या नको. उत्तरेकडची खिडकी, थेट ऊन अजिबात नाही. खरी परीक्षा एप्रिल-मे. कुलरच्या खोलीत ओलावा मिळतो, पण वाऱ्याच्या सरळ झोतात पाने काळी पडतात. म्हणून कुलरच्या बाजूला, पाण्याच्या ताटलीतल्या खड्यांवर कुंडी ठेवा. पाने जळली तरी कुंडी फेकू नका, माती ओलसर ठेवली तर जुलैत नवे कोंब येतात. कीटकनाशक फवारलेल्या रोपाची पाने पुढचे काही महिने औषधाला वापरू नका. तोडलेली पाने सावलीत, पंख्याखाली वाळवा.

फर्न ठेवले की घरातली हवा शुद्ध होते, हा दावा 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून आला आहे. तो छोट्या बंद पेटीत झाला होता. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील, असे 2019 च्या एका आढाव्याने दाखवले. फर्न डोळ्यांना थंडावा देतो, तेवढ्यासाठी लावा.

कोणी घेऊ नये, आणि त्रास झाला तर

गरोदर स्त्रिया आणि मूल हवे असलेली जोडपी यांनी हंसराजासकट कोणताही नेचा औषध म्हणून घेऊ नये. हंसराजाच्या अर्काने उंदरांत गर्भ रुजण्यात अडथळा आल्याचे प्रयोग आहेत. अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनाही नको. मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, फिटची औषधे चालू असतील किंवा मूत्रपिंड-यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना सांगताना ‘थोडे आयुर्वेदिक घेतो’ एवढ्यावर थांबू नका, डबा किंवा पुडीच सोबत न्या.

घेतल्यावर अंगावर पुरळ, उलट्या, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, नजर अंधूक होणे, लघवीत रक्त यांपैकी काही दिसले तर लगेच थांबवा. उरलेली वनस्पती फेकू नका. कागदी पाकिटात घालून, कुठून आणि कधी घेतली ते वर लिहून रुग्णालयात सोबत न्या, म्हणजे जात ओळखता येईल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही तिथे कळवू शकतात.